रकाने आणि वाचक



वाचनाचा अनुभव माहितीसाठ्याच्या रकान्यांत मावत नाही, असे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे आहे. मावत नाही हे खरेच. पण रकान्यांचा तसा दावाही नाही. ब्रिटनमधील ओपन युनिव्हर्सिटीत १९९६ साली सुरू झालेला ‘रीडिंग एक्स्पिरियन्स डेटाबेस’ पाहावा. १४५० ते १९४५ या काळातील वाचनाच्या तीस हजारांहून अधिक नोंदी त्यात आहेत. पुस्तक नुसते जवळ असणे तिथे पुरावा ठरत नाही. ते वाचल्याची खूण लागते. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. इंग्रज रोजनिशीकार सॅम्युएल पेपिसने फेब्रुवारी १६६८मध्ये एक चावट फ्रेंच पुस्तक विकत घेतले, वाचले आणि जाळून टाकले, कारण आपल्या संग्रहात ते सापडायला नको होते. त्याच्या ग्रंथांची यादी कितीही बारकाईने चाळली तरी हे वाचन हाती लागणार नाही. ते कळते रोजनिशीतून. आणि अशा विखुरलेल्या उल्लेखांना कोणी, केव्हा, कुठे, एकट्याने की सोबतीने, या प्रश्नांनी बांधले, तरच ते एकमेकांशेजारी ठेवून पाहता येतात.

रोजनिशी लिहिणारे बहुधा सुखवस्तू, म्हणून चित्र एकांगी, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. या नोंदी म्हणजे समाजाची शिरगणती नव्हे. त्यांवरून टक्केवारी मांडणाऱ्यांना मीही विरोध करीन. पण प्रत्येक नोंदीसोबत तिचे साधन दिलेले असल्याने हा कल लपत नाही, मोजता येतो. शिवाय न्यायालयातील जबान्या आणि कामगारांची आत्मचरित्रे त्याच चौकटीत आली, की ज्यांच्या घरी ग्रंथांचे कपाट कधीच नव्हते, अशांचे वाचनही अभ्यासकासमोर येते.

— एक वाचक