प्रतिष्ठा कुणाला विचारून?

4 डिसेंबर हा तंट्या भिल्लाचा बलिदानदिन. 1889 साली याच तारखेला जबलपूरला इंग्रजांनी त्याला फाशी दिली. सरकारदप्तरी तो दरोडेखोर होता. निमाड-खानदेशातल्या पाड्यांवर मात्र तो ‘मामा’ होता आणि आजही आहे. त्याची थोरवी दप्तराने ठरवली नाही. सावकाराच्या जाचातून ज्यांना त्याने हात दिला, त्यांनी ती ठरवली.

याच तंट्यामामाच्या नावाचे विद्यापीठ 2024 मध्ये मध्य प्रदेशातल्या खरगोनला उभे राहिले आणि बऱ्हाणपूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. या जिल्ह्यातल्या धूलकोटच्या आसपासची बारेला-भिलाला आदिवासी मुले आता पदवी घेतील ती मामाच्या नावाची. विद्यापीठ इंदूरपेक्षा जवळ आले, याचा आनंद आहेच. पण 1964 पासूनच्या इंदूरच्या विद्यापीठाच्या पदवीला जे वजन आहे, ते या नव्या नावाला मिळेल का, पुण्यात मुलाखत घेणारा हे नाव ओळखेल का, ही शंका कुणा बापाच्या मनात आली तर ती फोल म्हणता येणार नाही. आपल्याकडे ‘काय शिकलास?’च्या आधी ‘कुठून केलेस?’ विचारतात. त्या एका प्रश्नावर कित्येक मुलांचा आवाज खाली जातो.

हे ‘कुठून’ आता आकड्यांत मोजले जाते. केंद्र सरकारची ‘एनआयआरएफ’ ही क्रमवारी 2016 पासून दरवर्षी निघते. विद्यापीठांच्या यादीत शंभरपैकी 30 गुण अध्यापन व साधनांना, 30 संशोधनाला, 20 विद्यार्थ्यांच्या निकालाला व पुढच्या वाटचालीला. उरलेल्या वीसांत दोन समान वाटे आहेत. 10 गुण मुली, परराज्यातले, गरीब आणि दिव्यांग विद्यार्थी यांना संस्था किती सामावून घेते याला. 10 गुण लोकांच्या मनातल्या प्रतिमेला. हे ‘लोक’ म्हणजे मुख्यतः प्राध्यापक आणि नोकऱ्या देणारे. ज्यांनी ते विद्यापीठ कधी पाहिलेही नसेल, त्यांच्या मताला दहा गुण. आणि ज्या घरात आजवर कुणी दहावीच्या पुढे गेले नाही, त्या घरातल्या मुलीला पदवीपर्यंत नेण्याची मेहनत दुसऱ्या दहांच्या एका कोपऱ्यात. हा हिशेब आम्हाला मान्य नाही. नावाजलेल्याला नाव आहे म्हणूनच आणखी गुण मिळत राहतात आणि नव्याने उभे राहणारे मागेच राहते.

तरी याद्या फेकून द्या, असे आम्ही म्हणणार नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ 2024 च्या यादीत विद्यापीठांमध्ये 23 वे होते, 2025 मध्ये ते थेट 56 वर आले. आपल्या सीमाभागातल्या घराघरांत पुण्याचे नाव किती आदराने घेतले जाते, हे जाणणाऱ्याला हा आकडा लागला. पण त्या निमित्ताने प्राध्यापकांच्या वर्षानुवर्षे न भरलेल्या जागांची चर्चा उघडपणे झाली. जे वर्गातल्या मुलांना रोज दिसत होते, ते यादीत आल्यावर सरकारला दिसले. एवढे काम यादी करत असेल तर तिचे ऋण मानावे.

मात्र तिच्यापुढे मान तुकवू नये. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाचेच पाहा. तिथल्या एका प्रसिद्ध यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर होते. 2022 मध्ये तिथल्याच गणिताच्या एका प्राध्यापकाने विद्यापीठाने दिलेली माहिती चुकीची असल्याचे दाखवून दिले आणि त्याच वर्षी क्रमांक अठरावर गेला. त्या काही महिन्यांत शिकवणारे बदलले नव्हते, ग्रंथालय बदलले नव्हते.

हेच ते कोलंबिया, जिथे 1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर गेले. पुढे लंडनचीही सर्वोच्च पदवी त्यांनी मिळवली. प्रतिष्ठा म्हणतात ती त्यांच्याइतकी कुणाला मिळाली? आणि तिचे त्यांनी काय केले? 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, सकाळचे वर्ग ठेवले, कारण दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे. 1950 मध्ये उच्च शिक्षणाची वानवा असलेल्या मराठवाड्यात, औरंगाबादला, महाविद्यालय उभे केले. तेच पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आले. गरिबांसाठी आहे म्हणून कमअस्सल चालेल, हा विचार त्यांना शिवला नाही. चांगले प्राध्यापक आणि भरलेले ग्रंथालय यांवर त्यांचा कटाक्ष होता. 6 डिसेंबरला त्यांचे स्मरण करताना आम्हाला ही बाजू सर्वात मोलाची वाटते.

खरगोनच्या विद्यापीठाकडे आणि भोपाळच्या सरकारकडे म्हणूनच आमची मागणी आहे, आणि ती नामकरणाच्या कौतुकात विरू देणार नाही. विद्यापीठात आणि त्याच्या आदिवासी पट्ट्यातल्या महाविद्यालयांत मंजूर पदे किती, त्यांपैकी कायम प्राध्यापक किती, प्रयोगशाळेत प्रयोग होतात की नुसती वही भरली जाते, मुलींच्या वसतिगृहात जागा किती, बारेली-भिलालीत वाढलेल्या मुलाला पहिल्या वर्षी भाषेचा आधार कोण देतो, हे दरवर्षी जाहीर व्हावे. आणि ही माहिती धूलकोटच्या ग्रामसभेत वाचून दाखवावी. पाड्यांवरचे आईबाप ती ऐकतील, प्रश्न विचारतील आणि आपल्या मुलीला तिथे पाठवायचे की नाही ते स्वतः ठरवतील.