तुरीची बोट आणि दुकानातील थप्पी

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात घड्याळ मनोऱ्याभोवती भरणाऱ्या बाजारात श्रावण-भाद्रपद आला की डाळीची मागणी हमखास वाढते. चातुर्मासात हिरव्या भाज्या वर्ज्य करणारी घरे, पर्युषणातील आयंबिल, पारण्याचे साधे वरण, या साऱ्यांचा भार कडधान्यावर येतो. नेमक्या याच महिन्यांत देशातील तूर सरत आलेली असते. मराठवाड्यात जूनमध्ये पेरलेली तूर डिसेंबरनंतर बाजारात येते. भाद्रपदात विकली जाणारी डाळ मागील वर्षीच्या पेऱ्याची असते.

ही उणीव पूर्व आफ्रिकेची तूर भरून काढते. मोझांबिक, टांझानिया व मलावी येथील काढणी ऑगस्टच्या सुमारास सुरू होते आणि आपला नवा हंगाम येण्याआधी तो माल न्हावाशेवा बंदरात उतरतो. ब्रह्मदेशाची लेमन तूर व्यापाऱ्यांच्या अधिक परिचयाची खरी, पण तिचा हंगाम आपल्याच हंगामाच्या मागेपुढे येतो. म्हणून भाद्रपद ते मार्गशीर्ष भाव कोठे राहील, हे पुष्कळदा आफ्रिकेच्या बोटीवर ठरते.

२०२३ साली हे गणित चांगलेच बिघडले. त्या वर्षी अधिक श्रावण असल्याने चातुर्मास पाच महिन्यांचा होता. २ जून रोजी केंद्र सरकारने तूर व उडीद यांवर साठामर्यादा घातली : प्रत्येक डाळीसाठी घाऊक व्यापाऱ्यास २०० टन, किरकोळ दुकानदारास ५ टन. सप्टेंबरअखेर, दशलक्षण पर्व चालू असतानाच, घाऊक मर्यादा ५० टनांवर आली. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण चोवीस टन तूर बसते. म्हणजे घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात जेमतेम दोन कंटेनर राहू शकत. नोव्हेंबरच्या आरंभी ही मर्यादा पुन्हा २०० टन झाली, परंतु त्याच सुमारास मोझांबिकच्या नाकाला बंदरात निर्यातदारांमधील न्यायालयीन वादामुळे भारताकडे निघणारी तूर अडकून पडली. गोदाम भरण्याची परवानगी मिळाली, तेव्हा भरण्यास माल नव्हता. बंदरात खोळंबलेल्या कंटेनरचे भाडे मात्र रोज चढते, आणि अखेरीस ते डाळीच्या किलोवर बसते.

मोझांबिकमध्ये तूर फारशी खाल्लीच जात नाही. ती मुख्यतः भारतासाठी पिकते. २०१५ मध्ये येथे डाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली, तेव्हा जुलै २०१६ मध्ये त्या देशाशी खरेदीचा करार झाला. पुढच्याच हंगामात येथे अमाप तूर पिकली. ५,०५० रुपयांचा हमीभाव मिळावा म्हणून महाराष्ट्रातील शेतकरी खरेदी केंद्रांवर रांगा लावून बसला, आणि बारदान संपल्याने मापे थांबली. ऑगस्ट २०१७ मध्ये आयातीवर मर्यादा आली, तशी मोझांबिकच्या शेतकऱ्याची तूर कवडीमोल झाली. मे २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली झाली. एवढ्या लहरीवर दोन देशांतील शेतकऱ्यांनी पेरा ठरवावा, हे न्यायाचे म्हणता येत नाही.

मग दुकानदाराने आधीच साठा का करू नये? कायदा बाजूला ठेवला तरी पावसाळा आड येतो. दमट हवेत तुरीला भुंगा लागतो. साठा टिकवायचा तर गोळ्या ठेवून धुरी द्यावी लागते, आणि जैन पेढीवर ही गोष्ट केवळ खर्चाच्या वहीत मांडून संपत नाही. (बाहेरून येणाऱ्या मालालाही धुरी दिलेली असते, ती आपल्या गोदामात दिली नाही, एवढेच समाधान.) घरोघरी डाळीला एरंडेल चोळून ठेवण्याची रीत आहे, पण ती डब्यापुरती, शंभर कट्ट्यांना एरंडेल कोण चोळणार?

त्यामुळे जपून वागणारी पेढी आषाढापूर्वी डाळ भरते ती सहा-सात आठवड्यांपुरती, तीही उन्हात चांगली तापवून. पुढची खरेदी बोट लागल्याचा निरोप आल्यावर. तो लांबला की थप्पी खाली खाली येते, नेहमीच्या ग्राहकाला पाच किलोंऐवजी दोन किलो घेण्याची विनंती होते, आणि फळीवरचा भाव खडूनेच लिहिला जातो.