तळं म्हणजे नुसतं पाणी नव्हे



सामूहिक वनहक्काच्या अर्जात मासे आणि पाणसाठ्यांचा एक रकाना असतो. बऱ्याच गावांत तो कोराच राहतो, नाहीतर 'तळे १, ओढा १' एवढं लिहून लोक पुढं जातात. हे आपल्याला महागात पडणार आहे.

सजीव घटक, निर्जीव घटक हा धडा शाळेत मार्कांपुरता पाठ करतात. आपल्या म्हाताऱ्यांना तो पुस्तकाशिवाय येतो. ऊन, दगड, गाळ, पाण्याची खोली, पाण्यात विरघळलेला प्राणवायू हे निर्जीव. शेवाळ, लव्हाळा, झिंगे, खेकडे, मासे, बेडूक, बगळे आणि डोळ्यांना न दिसणारे जीवाणू हे सजीव. ओढ्यावर जगणारी आपण माणसंही त्यातच आलो. यातलं एक बिघडलं की बाकीच्यांना धक्का बसतोच.

आम्ही हे सांगलीत, विश्रामबागेत बसून लिहितोय. कोयना कराडला आणि वारणा इथं हरिपूरला कृष्णेला मिळते. म्हणजे तुमच्या डोंगरावरचंच पाणी इथवर येतं. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ याच कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला. नदीत पाणी तर होतं! पण मासा पाण्यातल्या प्राणवायूवर जगतो. मळी नाहीतर गटाराचं पाणी नदीत आलं की ते खाणारे जीवाणू बेसुमार वाढतात आणि प्राणवायू संपवून टाकतात. उन्हाळ्यात पाणी कमी, वर तापलेलं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी राहतो. मग मासे वर येऊन तोंडं उघडतात आणि गुदमरून मरतात.

सरकारी कागदावर कोयना धरण म्हणजे १०५ टीएमसी, वारणा म्हणजे ३४ टीएमसी. हा हिशेब नुसत्या पाण्याचा. त्यात मासा नाही, खेकडा नाही, कातकऱ्याचं जाळं नाही, धनगरवाड्याची गुरं नाहीत. आपणही अर्जात नुसतं पाणीच लिहिलं, तर उद्या कुणी ओढ्याचे काठ सिमेंटनं बांधले तरी म्हणतील, "पाणी आहे की तुमचं!" पण खेकड्याला बिळासाठी मातीचा काठ लागतो. चढणीच्या माशाला पहिल्या पावसात वर चढून अंडी घालायला मोकळी वाट लागते. मध्ये भिंत घातली की पुढच्या सालचा मासा गेला.

कायदा आपल्या बाजूनं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३ मासे आणि पाणसाठ्यांतल्या इतर उत्पन्नावर सामूहिक हक्क देतं. पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखायची ताकद कलम ५ ग्रामसभेला देतं. मासेमारीच्या जुन्या जागा पुरावा म्हणून चालतात. जाणत्या माणसांचा लिहून घेतलेला जबाबही चालतो, पण एकाच पुराव्यावर थांबू नका.

म्हणून ग्रामसभेआधी वनहक्क समितीनं ओढ्यानं, तळ्यानं फिरावं. बायकांना सोबत घ्यावं. खेकडे, झिंगे, काठची भाजी यांची खरी माहिती त्यांच्याकडंच आहे. प्रत्येक डोहाचं नाव लिहा. पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं, मासे कुठून चढतात, कोण कधी धरतं, गुरं कुठं पितात, पूर्वी काय मिळायचं आणि आता काय मिळत नाही, हे सगळं लिहा.

आणि हक्क मागताना राखण पण आपलीच. औषध टाकून, जिलेटिन उडवून मासे मारणं बंद झालं पाहिजे. त्यात पिल्लं, झिंगे, बेडूक सगळंच मरतं. चढणीच्या दिवसांत वाट अडवून जाळं लावायचं नाही, असा ठराव ग्रामसभेनं स्वतःच करावा. आपण राखलेलं तळं दाखवून दावा मांडला, तर साहेबाला तो सहज खोडता येणार नाही.

रकाना कोरा सोडू नका. जल, जंगल, जमीन आमची!