खाडीतला रावस आणि आमची आई

आमच्या वालूरच्या बारवेत पायऱ्या गोल फिरत खाली जातात, पाणी मात्र जागच्या जागी असतं. दुधनेला पाणी आलं तर ते एकाच दिशेनं वाहतं. त्यामुळे "इथलं पाणी सकाळी वर चढतं आणि दुपारी उतरतं," असं धाकट्या भावानं सांगितलं, तेव्हा आई त्याच्या तोंडाकडं बघतच राहिली. "पाणी काय हजेरी लावायला जातं का रे?" म्हणाली.

भाऊ मंडणगड तालुक्यात खाडीकाठच्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर गुरुजी आहे. परभणी, बीड, नांदेडची कितीतरी पोरं अशी कोकणात मास्तर होऊन राहिली आहेत. गेल्या डिसेंबरात २५ तारखेला आम्ही महाडला गेलो, चवदार तळ्यावर बसलो. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे बघितलं. संध्याकाळी भावाच्या खोलीवर मुक्कामाला आलो. आई, मी आणि माझा सहावीतला मुलगा.

शाळेतल्या एका मुलाचे आजोबा होडी चालवतात. रात्री येऊन म्हणाले, "गुरुजी, पाव्हण्यांना रावस खायला घालतो. पण धरायला पहाटे यायला पायजे." आई येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. तीच सगळ्यांच्या आधी लुगडं खोचून तयार!

रावस हे नाव आपल्या परभणीकडं फारसं कुणाला माहीत नसतं. आपली ओळख मरळ, वाम, कटला यांच्याशी. मुंबईच्या मोठ्या हॉटेलात कामाला असलेल्या पोरांनी मात्र ‘इंडियन साल्मन’ हे शब्द वाचलेले असतील. ते रावसाचंच साहेबी नाव. खरा साल्मन निराळा. तो थंड मुलखातला. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. इंग्रजांना आपल्या किनाऱ्यावरचा हा चवदार मासा बघून घरची आठवण झाली असावी, म्हणून त्याला साल्मन म्हणू लागले. दोघांचं नातं काही नाही. रावसाच्या छातीच्या परांखाली चार-चार लांब दोरे असतात. खाडीचं पाणी गढूळ, डोळ्यांवर जाड पापुद्रा. तेव्हा हे दोरे चिखलावर फिरवत तो कोळंबी शोधतो. आंधळ्यानं काठी टेकत चालावं तसा.

पाऊस संपून दर्या शांत झाला की तो कोळंबीच्या मागं खाडीत शिरतो, म्हणून हिवाळा हा त्याच्या गरीचा हंगाम. गरी म्हणजे गळ. आजोबांनी रात्रीच पाग टाकून कोळंबी धरली होती आणि बादलीत जिवंत ठेवली होती. मेलेल्या कोळंबीला रावस तोंड लावायचा नाही, म्हणाले. चांगलाच चोखंदळ गडी.

साडेपाचला होडी सुटली. वालूरची थंडी कोरडी, ती हाडाला लागते. खाडीवरची ओली, ती कपड्यातून आत शिरते. मुलानं भूगोलात पाठ केलेले मतलई वारे जमिनीकडून पाण्याकडं वाहत होते. "हेच का ते?" असं विचारून त्यानं नाक पुसलं. आजोबांनी आईच्या अंगात फुगीर जॅकेट घालून नाड्या स्वतः बांधल्या. बाणकोटचा किल्ला अंधारात नुसता काळा दिसत होता. पलीकडं बागमांडल्याचे दिवे. मध्ये सावित्री नदी समुद्राला मिळते. आडोशाला येऊन आजोबांनी मशीन बंद केलं, नांगर टाकला आणि म्हणाले, "आता पाण्याची वाट बघायची."

अमावस्या तीन दिवसांवर होती. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप चढतं आणि तेवढंच उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी सुस्त. भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढं सरकते. त्या दिवशी नऊच्या सुमाराला पाणी भरणार होतं. आजोबांकडं घड्याळ नव्हतं, काठावरच्या एका दगडाकडं ते बघत होते.

दोरी बोटावर घेऊन बसल्यावर बोलायला वेळच वेळ. भाऊ म्हणाला, "आई, डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब महाडला बोटीनं आले होते. धरमतरच्या वाटेनं आलं आणि मोटारवाल्यांनी न्यायचं नाकारलं तर पंचाईत, म्हणून मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीनं निघाले आणि २५ तारखेला दासगाव बंदरात उतरले. तिथून महाडला पायी." दासगाव याच सावित्रीच्या काठी आहे. समुद्रातून दासगावला जाणारी बोट या तोंडातूनच आत शिरते.

आईनं विचारलं, "म्हंजी ह्याच पाण्यावरून?"

"ह्याच."

तिनं हात बाहेर काढून पाण्याला लावला. बराच वेळ तसाच ठेवला. मग ओली बोटं डोळ्यांना लावली. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त होडी हलू नये म्हणून पलीकडच्या कडेला सरकले.

उजाडल्यावर मुलाची दोरी ओढली गेली. सगळे ओरडलो. वर आला वीतभर रावस, नव्या ताटासारखा चकचकीत. आजोबांनी ओल्या हातानं धरला, गरी सोडवली आणि परत पाण्यात सोडून दिला. थोड्या वेळानं दुसरा आला, तोही तेवढाच. तोही सोडला.

आईला राहवलं नाही. "आवो भाऊ, कामून सोडून देला? कुणाच्या पोटात गेला असता की!"

"बारका हाय, मावशी."

"बारका असला म्हून काय झालं? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना आमाला सुकडी मिळायची. मूठभर सांडली तर मातीसगट उचलायचो आमी. तुमी जित्ता मासा फेकून देता!"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. माझ्याही मनात तेच आलं होतं. डिझेल जळलेलं, बर्फ विकत आणलेला, सकाळ निम्मी सरलेली आणि बादलीत मासा नाही. आजोबा गरीला नवी कोळंबी लावत म्हणाले, "मावशी, पैशाची गरज मलापण हाय. बाहेर मोठ्या बोटी दिवे लावून रातच्या रात मासळी उचलतात. त्यांनी उचलली, मी बारकी उचलली, तर ह्या पोरानं काय धरायचं?" ‘ह्या पोरानं’ म्हणजे नातवानं. तो नाळीवर बसून पाय हलवत होता. (एलईडी दिवे लावून मासेमारी करायला केंद्र सरकारनं २०१७ मध्येच बंदी घातली आहे.)

ते ऐकताना भावानं कधीतरी सांगितलेली एक हकिगत मला आठवली. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात प्युजेट साउंड नावाचं, समुद्राचं आत शिरलेलं शांत पाणी आहे. तिथं हिवाळ्यातसुद्धा होड्यांतून खरा साल्मन धरतात. तिथल्या मूळच्या जमातींनी १८५४-५५ च्या तहात जमिनी दिल्या, पण मासे धरायचा हक्क राखून ठेवला. पुढं गोऱ्यांच्या सरकारनं त्यांनाच चोर ठरवून धरायला सुरुवात केली. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक १९४५ साली पहिल्यांदा पकडले गेले तेव्हा चौदा वर्षांचे होते. पुढं पन्नासाहून जास्त वेळा त्यांना अटक झाली, पण माणूस जाळं टाकतच राहिला. शेवटी १२ फेब्रुवारी १९७४ ला न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की धरण्याजोग्या साल्मनपैकी निम्मा वाटा या जमातींचा. धरण्याजोगा म्हणजे कोणता? अंडी घालायला पुरेसे मासे आधी सोडायचे, मग उरलेल्यात वाटणी. वाटणीत पहिला वाटा माशांचाच. आमच्या होडीतल्या आजोबांनी बोल्टसाहेबांचं नाव ऐकलेलं असण्याचं कारण नाही.

नऊला पाणी थांबलं. खरंच थांबलं. एक काटकी होडीच्या बाजूला आली आणि तिथंच राहिली. "आता," आजोबा हळूच म्हणाले. पाणी फिरायच्या त्या घटकेला त्यांची दोरी सरसर सुटली. दहा मिनिटं ते नुसते सोडत होते आणि ओढत होते. शेवटी भावानं हातजाळ्यात घेऊन तो वर काढला. माझ्या हातापेक्षा लांब होता. मुलगा त्याचे दोरे मोजत बसला. आई मात्र माशाकडं बघत नव्हती. ती आजोबांच्या बोटांकडं बघत होती. दोरीनं कातडी कापली होती.

धक्क्यावर व्यापारी काटा घेऊन उभाच होता. आजोबा त्याला म्हणाले, "हा पाव्हण्यांचा." झालं, इथून खरी लढाई सुरू झाली. आई ठाम. "तुमची रोजी आमी कशी खावावं? त्याचा जो भाव आसंल तो मी देते." आजोबा घेईनात, ती मासा हातात घेईना. व्यापारी घड्याळ बघायला लागला. शेवटी तोड निघाली: निम्म्याचे पैसे आईनं द्यायचे, आणि रात्री त्यांच्या घरच्या सगळ्यांनी आमच्याकडं जेवायचं.

आईनं वालूरहून येसर आणलाच होता. कांदा-लसूण भाजून, येसर लावून तिनं आपल्याकडच्या मरळीसारखं झणझणीत कालवण केलं, फक्त चिंचेच्या जागी आमसूल टाकलं. रावसाला बारीक काटे कमी, त्यामुळे लेकरांना भरवताना भीती नाही. तुकडे जाड ठेवावेत आणि उकळी आल्यावर फार ढवळू नये, नाहीतर भुगा होतो. आजोबांच्या घरून सोलकढी आली. तिखटानं त्यांच्या नातवाच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यानं दोनदा मागून घेतलं.

जेवताना भावानं सांगितलं की रावस तरुणपणी नर असतो आणि वाढला की त्याचीच मादी होते. म्हणजे सकाळी सोडलेले दोन्ही बापे होते आणि पुढं आया होणार होते. आजोबांनाही हे नवीनच होतं. आईचा घास हातात थांबला. "बाप्याची बाई होती म्हंता? मंग पाण्यात कुणी कुणाला तोंड वर करून बोलत नसंल," म्हणाली. आजोबांच्या बायकोला हसता हसता ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी एसटीला निघताना आई खाडीकडं तोंड करून उभी राहिली. "आज किती वाजता भरंल रे?"

"पावणेदहाच्या पुढं," भाऊ म्हणाला.

"आन् आपली गाडी?"

"साडेनऊची."

"मंग नाही दिसायचं," म्हणाली आणि पिशवी उचलली.