शेतरस्त्याचं भांडण : आधी पंच की आधी तहसील? सहा महिन्यांचं गणित समजून घ्या

मोताळा : पेरणी तोंडावर आली की धुऱ्याचे आणि शेतरस्त्याचे वाद वर येतात. गावात पहिला सल्ला ठरलेला, 'कोर्टकचेरी कशाला? चार माणसं बसवू.' सल्ला वाईट नाही. खर्च वाचतो, शेजाऱ्याशी बोलणं टिकतं. राज्याची २००७ मध्ये सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीमही याच समजुतीवर उभी होती.

अडचण आहे ती मुदतीची.

वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ नुसार तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात. मात्र रस्ता अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. गावात बैठका सुरू आहेत म्हणून ही मुदत थांबत नाही. एकदा पंच लग्नाला गेलेले, एकदा समोरचा आलाच नाही, मग सोयाबीनची सोंगणी. जूनमध्ये अडवलेला रस्ता डिसेंबर संपला तरी अडलेलाच, आणि हा जवळचा मार्ग बंद. उरतं दिवाणी न्यायालय. किंवा जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागणं. ते वेगळं प्रकरण, तिथे मुळात रस्त्याची गरज आहे का इथून चौकशी सुरू होते.

म्हणून तहसीलमध्ये आधी दावा टाकावा आणि बैठकही बसवावी. दावा टाकला म्हणून समेट अडत नाही. उलट समोरचा बैठकीला वेळेवर येण्याची शक्यता वाढते!

समेट झाला तर? स्टॅम्प पेपरवर सह्या घेऊन लोक निश्चिंत होतात. पण समोरचा फिरला, तर त्या कागदासाठी पुन्हा दावा लावावा लागतो. तीच तडजोड लोकअदालतीत झाली, तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ नुसार तिला दिवाणी हुकूमनाम्याचा दर्जा मिळतो आणि तिच्यावर अपील नाही. कोर्टात न गेलेले वादही लोकअदालतीत ठेवता येतात.

पंचांनी समजूत घालावी, शिक्षा देऊ नये. जातपंचायतीनं कुणाला वाळीत टाकलं, तर ३ जुलै २०१७ पासून लागू असलेल्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

तहसीलच्या दाव्यात रस्ता कधी अडवला ती तारीख लिहावीच लागते. 'मागच्या हंगामात' असं मोघम लिहून चालत नाही. अडवल्याच्या दिवशीच मोबाइलवर फोटो काढून ठेवा.