‘नो बूटेबल डिव्हाइस’ दिसलं? फॉरमॅटची घाई नको!

कॉम्प्युटर सुरू केला आणि काळ्या स्क्रीनवर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असं आलं, की आपण थेट दुकान गाठतो. नांदेडला आमच्या घरच्या डेस्कटॉपचं हेच झालं. ‘डिस्क गेली, फॉरमॅट मारावं लागेल,’ असं सांगण्यात आलं. घरी येऊन उघडून पाहिलं, तर डिस्कची केबल सैल होती!

या मेसेजचा अर्थ एवढाच, की कॉम्प्युटरला विंडोज असलेली डिस्क सापडत नाही. ती खराबच झाली, असं नव्हे.

आधी हे तपासा

- पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट करा.
- सुरू होताना ‘डिलीट’ किंवा ‘एफ२’ दाबून बायोस उघडा. डिस्कचं नाव दिसलं, तर बूट ऑर्डरमध्ये ती पहिली ठेवा.
- तारीख-वेळ चुकीची आहे? मदरबोर्डवरचा ‘सीआर२०३२’ हा नाण्याएवढा सेल संपला असेल. त्यामुळे सेटिंग बदलतात.
- नावच दिसत नसेल, तर वीजजोडणी काढून डिस्कच्या दोन्ही केबल नीट बसवा.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र लगेच बंद करा. वारंवार सुरू केल्यास नुकसान वाढतं.

लातूर-नांदेडच्या सेवा केंद्रांत, क्लासेसमध्ये एकाच कॉम्प्युटरवर कित्येकांचे फॉर्म आणि मार्कशीट असतात. बॅकअप क्वचितच असतो. म्हणून दुकानात पहिलं वाक्य हेच हवं: ‘आधी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून डेटा काढा, फॉरमॅटचं नंतर बघू.’ विंडोज पुन्हा टाकता येतं, गेलेले फोटो परत मिळतीलच असं नाही.