नाळेतलं रक्त बाळालाच मिळू द्या



चिंचणी-तारापूर भागात वस्तीवर आरोग्याची बैठक घेतली की अलीकडे एक प्रश्न हमखास येतो. सातवा-आठवा महिना लागलेली सून किंवा तिची सासू आम्हाला बाजूला घेते आणि हळूच विचारते, "सिस्टर, नाळेचं रक्त बँकेत ठेवावं का? दवाखान्यात एक साहेब सांगून गेले. पुढे बाळाला काही झालं तर त्यातूनच बरं होईल म्हणाले."

बोईसरच्या एमआयडीसीत कंत्राटी कामावर असलेल्या एका घराने तर फॉर्म भरूनही टाकला होता. रक्कम पन्नास हजारांच्या वर, हप्त्याने. सुनेचं हिमोग्लोबिन आठ होतं. नवरा-बायको दोघांपैकी एकाचीही सिकलसेलची तपासणी झालेली नव्हती. त्या घराला आम्ही दोष देत नाही. लेकराच्या काळजीपोटीच माणूस कर्ज काढतो. पण या काळजीचा धंदा होतो आहे, आणि जी तपासणी फुकट आहे ती मात्र कुणी सांगत नाही. म्हणून आज हे लिहितो आहोत.

आधी रक्त येतं कुठून ते पाहू. आपल्या अंगातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. शरीर दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या तांबड्या पेशी बनवतं. त्या सगळ्या हाडांच्या मगजात राहणाऱ्या थोड्याशा मूलपेशींपासून, म्हणजे स्टेम सेलपासून येतात. या मूलपेशी मात्र मुळात हाडांत जन्मत नाहीत.

गर्भ राहिल्यावर तिसऱ्या आठवड्यात गर्भाबाहेरच्या एका छोट्या पिशवीत, योक सॅकमध्ये, पहिलं रक्त बनतं. ते तात्पुरतं. आयुष्यभर पुरणाऱ्या मूलपेशी चौथ्या आठवड्याच्या शेवटापासून सहाव्या आठवड्यापर्यंत तयार होतात, तेही गर्भाच्या महाधमनीच्या भिंतीत! रक्तवाहिनीला आतून अस्तर असतं. त्या अस्तरातल्या खालच्या बाजूच्या काही पेशी गोल होतात, भिंतीतून सुटतात आणि वाहत्या रक्तात उतरतात. अस्तराची पेशी रक्ताची आई होते. २०१० साली झेब्राफिश या माशाच्या पारदर्शक पिल्लांत शास्त्रज्ञांनी हे प्रत्यक्ष घडताना पाहिलं. तिथून या पेशी यकृतात जातात, तिथे वाढतात, आणि साधारण तिसऱ्या महिन्यापासून हाडांच्या मगजात मुक्कामाला येऊ लागतात. जन्माच्या वेळीही काही पेशी रक्तात फिरत असतात, म्हणून त्या नाळेत आणि वारेत सापडतात. बँकवाल्यांचा सगळा व्यवहार या पेशींचा.

भगिनींनो, हे घडतं तेव्हा गर्भ तांदळाच्या दाण्याएवढा असतो. पाळी चुकून जेमतेम दोन-चार आठवडे झालेले असतात. कित्येक जणींना दिवस गेल्याचं तोवर कळलेलंही नसतं.

आता आपल्या चिंचणीचंच उदाहरण घ्या. इथे सोन्याच्या दागिन्यांच्या डाय बनवणारे कारागीर आहेत. एका डायवर शेकडो नग निघतात. डाय कोरताना एक रेघ चुकली तर प्रत्येक नगावर तीच चूक उमटते, आणि नग कितीही घासला तरी डाय सुधारत नाही. सिकलसेल हा असाच आजार आहे. हिमोग्लोबिन कसं बनवायचं याची जी सूचना आई-बापाकडून येते, तिच्यात एका अक्षराची चूक असते. ती चूक मूलपेशीतच असते, म्हणून तिच्यापासून निघणारी प्रत्येक तांबडी पेशी ती घेऊन येते. ऑक्सिजन कमी झाला की पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते, आणि लेकरू दुखण्याने तळमळतं.

जन्मल्याबरोबर हे दिसत नाही. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात ही चूक नसते. जन्मानंतर ते हळूहळू कमी होतं आणि पाच-सहा महिन्यांनी आजार डोकं वर काढतो. तोवर घरात बारसं झालेलं असतं, सगळं छान चाललेलं असतं.

मग बँकेत ठेवलेल्या नाळेच्या रक्ताचं काय? ते त्याच बाळाचं, म्हणजे त्याच डायचं. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया झालेल्या मुलाला स्वतःचंच रक्त परत देऊन आजार जात नाही, कारण चूक त्यातही आहे. जगातलं नाळेच्या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपण १९८८ साली पॅरिसला झालं. फॅन्कोनी अ‍ॅनिमिया झालेल्या त्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेचं रक्त दिलं होतं, स्वतःचं नव्हे. ही गोष्ट जाहिरातीत येत नाही. आपल्या आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: पुढे स्वतःला उपयोगी पडेल म्हणून नाळेचं रक्त खासगी बँकेत ठेवण्याला शास्त्रीय आधार नाही. अपवाद एकच. घरात आधीच्या मुलाला असा आजार असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर धाकट्याच्या नाळेचं रक्त जरूर ठेवावं.

प्रसूतिगृहात काम केलं म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. बाळ बाहेर आल्यावर नाळ लगेच कापायची नसते. जागतिक आरोग्य संघटना किमान एक मिनिट थांबायला सांगते. त्या मिनिटभरात नाळेतलं रक्त बाळाच्या अंगात उतरतं आणि पुढच्या कित्येक महिन्यांचं लोह त्याला मिळतं. जिचं स्वतःचं हिमोग्लोबिन आठ आहे, तिच्या बाळाला या लोहाची सगळ्यात जास्त गरज. पिशवी भरून घ्यायची घाई झाली तर नुकसान त्याचंच. नाळेतल्या रक्ताची सगळ्यात चांगली बँक म्हणजे ते बाळ.

आता आपल्या घराकडे पाहू. सिकलसेल हा फक्त आदिवासी पाड्यांचा आजार, असं आपल्यातले अनेक जण समजतात. पालघरच्या पाड्यांवर तो आहेच, पण विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजातही तो मोठ्या प्रमाणात आहे, आणि कामासाठी तिकडून बोईसरला आलेली घरं इथे थोडी नाहीत. नागपूरचे संपत रामटेके यांनी या प्रश्नासाठी आयुष्य वेचलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता असते की बाळाला आजार होईल. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे. या तपासणीवर आपला हक्क आहे, तो मागून घ्या. लग्नाच्या बैठकीत मानपान ठरतो, तिथे रक्ताचा रिपोर्टही विचारा. वाहक निघाला म्हणून मुलगी नाकारायची नाही. दोघांनी समजून निर्णय घ्यायचा, एवढंच.

आणि ज्याला प्रत्यारोपण लागेलच त्याचं काय? सख्ख्या भावंडाचं जुळण्याची शक्यता चारात एक. नाही जुळलं तर दात्यांच्या नोंदवहीत शोधावं लागतं. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिलं होतं की जातीतल्या जातीत लग्न हाच जातीचा गाभा आहे. तीच गोष्ट आज रक्तापर्यंत पोचली आहे. जुळणारा दाता बहुधा आपल्याच गोतातल्या माणसांत सापडतो, आणि नोंदवहीत आपली माणसं नसतील तर आपल्या लेकराला दाता मिळणं कठीण. नोंदणीला गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात. जयंतीच्या रक्तदान शिबिरात त्याचंही एक टेबल लावायला काय हरकत आहे?

आम्ही विज्ञानाच्या विरोधात नाही. २०२४ साली मेलबर्नच्या शास्त्रज्ञांनी गर्भातल्या त्याच पायऱ्या प्रयोगशाळेत एकेक करून उतरवल्या आणि उंदरांत टिकणाऱ्या रक्ताच्या मूलपेशी बनवल्या. उद्या हा उपचार सरकारी रुग्णालयात मिळावा म्हणून भांडायला आम्ही पुढे असू. पण विज्ञानाच्या नावाने कुणी काही विकायला आलं, तर तथागतांनी सांगितल्याप्रमाणे तपासून पाहा. त्या साहेबांना एकच विचारा, "बाळाला सिकलसेल झाला तर त्याचंच हे रक्त चालेल का?" मग सही करा किंवा करू नका.

त्या बोईसरच्या घराने हा प्रश्न विचारला आणि हप्ते रद्द केले. दोघांची तपासणी त्याच आठवड्यात झाली.

जय भीम!